मॉरिशसचा हिरवा चष्मेवाला: मी पाहिला तो हाच का?

रानजाई (सोमवार, रात्री ९.४०)

मंडळी, मागच्या महिन्यात पंधरा दिवस मॉरिशसला होते. नणंद तिथे पश्चिम किनाऱ्यावर राहते, तिच्याकडेच मुक्काम. समुद्र पाहून झाला, वाळूत बसून झालं, पण माझा जीव रमला तो तिच्या अंगणातल्या जास्वंदीपाशी. रोज सकाळी चहाच्या वेळेला सात-आठ पिटुकल्या पक्ष्यांचा घोळका यायचा. सगळे एकमेकांना धरून, सतत पिक-पिक करत या फुलावरून त्या फुलावर. रंग राखाडी, आणि उडताना शेपटीच्या मुळाशी पांढरं काहीतरी लखकन दिसायचं. लगबग अगदी आपल्याकडच्या चष्मेवाला पक्ष्याची.

नंतर एक दिवस ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. तिथे कळलं की एक चष्मेवाला जगात फक्त याच बेटावर आहे आणि आता फार थोडे उरलेत. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की जास्वंदीवर रोज भेटणारा पक्षी तोच होता का? फोटो एकही धड आला नाही, सगळे हललेत. इथे पक्षी ओळखणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते.

पिंगळा (मंगळवार, सकाळी ६.५५)

रानजाई, वर्णन इतकं नेमकं केलंय की फोटोची गरज नाही. तुम्ही पाहिलात तो राखाडी चष्मेवाला. तिथे त्याला त्याच्या आवाजावरूनच 'पिक-पिक' म्हणतात. तोही फक्त मॉरिशसचाच, पण त्याने माणसाशी जुळवून घेतलंय. बाग, उसाचा बांध, शहरातलं झाड, त्याला सगळं चालतं. शेपटीच्या मुळाशी पांढरं दिसलं ना, तीच त्याची खूण. आणि आठवून पाहा, डोळ्याभोवती पांढरं कडं ठळक दिसलं होतं का? दिसलं नसणार.

दुर्मीळ आहे तो हिरवा चष्मेवाला. शास्त्रीय नाव झोस्टेरॉप्स क्लोरोनोथॉस. त्यातल्या 'क्लोरोनोथॉस'चा अर्थ हिरव्या पाठीचा, आणि 'झोस्टेर' म्हणजे ग्रीकमध्ये कमरपट्टा. डोळ्याला कमरपट्टा बांधलेला, हिरव्या पाठीचा पक्षी! लांबी साधारण १० सेंटिमीटर, पाठ मळकट हिरवी, खालून फिकट, डोळ्याभोवती स्वच्छ पांढरं कडं. चोच पिक-पिकपेक्षा लांब, टोकदार आणि किंचित खाली वळलेली, कारण हा मुख्यतः मधावर जगतो. घोळक्याने कमी, जोडीने जास्त दिसतो. नैऋत्येच्या डोंगराळ, पावसाळी रानाबाहेर तो आता जवळजवळ नाहीच.

१९७५च्या सुमारास त्याच्या साडेतीनशेच्या आसपास जोड्या असाव्यात असा अंदाज होता. २००१च्या मोजणीत ९३ ते १४८ जोड्या निघाल्या. त्यानंतरही घसरण थांबलेली नाही. 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात त्याची नोंद आहे.

टिटवी (मंगळवार, सकाळी १०.२०)

वाचनखूण साठवली.

पिंगळासर, एक शंका. दोघेही चष्मेवाले, दोघेही त्याच बेटावरचे. मग एक अंगणात नांदतोय आणि दुसरा संपत चाललाय, असं का?

आंबोलीचा_पाऊस (मंगळवार, दुपारी १.१५)

टिटवी, पोटाकडे पाहिलं तर उत्तराचा बराच भाग सापडतो. पिक-पिक किडे खातो, फळं खातो, मध मिळाला तर मधही घेतो. हिरव्या चष्मेवाल्याचा जीव मात्र फुलांवर. आणि मध वर्षभर एका जागी मिळत नाही. आज डोंगराच्या या बाजूला एक झाड फुलतं, दोन महिन्यांनी पलीकडच्या उतारावर दुसरं. मूळचं रान सलग होतं तेव्हा कुठे ना कुठे काही ना काही फुललेलं असायचंच. आता चांगल्या स्थितीतलं मूळ रान बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय, तेही तुकड्यातुकड्यांत. पाखराला एका तुकड्यातून दुसऱ्यात हेलपाटे घालावे लागतात.

झाडांबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि हा भाग मला सगळ्यात जास्त भुरळ घालतो. मॉरिशसला ट्रोकेशिया नावाची एक कुळी आहे, आपल्या भेंडी-जास्वंदीच्या नात्यातली. त्यातलं ट्रोकेशिया बूतोनियाना १९९२ पासून त्या देशाचं राष्ट्रीय फूल आहे. लोक त्याला फ्रेंचमध्ये 'बुक्ल दोरेय' म्हणतात, म्हणजे कर्णफूल. खाली लोंबणारी घंटेसारखी फुलं. या कुळीतल्या दोन जातींचा आणि तिथल्याच आणखी एका फुलाचा मध रंगीत असतो, पिवळा किंवा लाल! फुलांच्या जगात रंगीत मध फार क्वचित आढळतो. तिथे तो झाडावरच्या पालींना आणि पाखरांना खूण म्हणून असावा असं अभ्यासकांना वाटतं. हो, मॉरिशसमध्ये हिरव्यागार पाली दिवसाढवळ्या फुलांवर येतात आणि परागीभवन करतात.

म्हणजे हा चष्मेवाला त्या रानाच्या कामकऱ्यांपैकी एक. तो गेला तर काही झाडांचं बी धरणंच कमी होईल, आणि झाडं कमी झाली की उरलेल्या पाखरांचा मध आणखी आटेल.

रानजाई (मंगळवार, रात्री ८.०५)

पिंगळासर, खरंच कडं दिसलं नव्हतं! मी ते 'लांबून दिसलं नसेल' म्हणून सोडून दिलं होतं. पाऊसताई, लाल मधाचं वाचून अंगावर काटा आला. मी ट्रोकेशिया नक्कीच पाहिलं असणार, पण नाव माहीत नसल्यामुळे पुढे चालत गेले.

वाक्वाकर (बुधवार, पहाटे ४.३०)

नमस्कार सगळ्यांना. मी इथे वाचत असतो, लिहितो क्वचित. आज लिहिलंच पाहिजे असं वाटलं, कारण हा धागा माझ्या घरामागच्या डोंगरावरचा आहे. मी मॉरिशसचा, वाक्वा गावचा. पणज्याचे वडील रत्नागिरीकडून मुंबई बंदरातून बोटीत चढले आणि गिरमिटावर इथे ऊस तोडायला आले. मराठी शाळेत शिकलो, घरात क्रिओल आणि मराठी दोन्ही. लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या.

पहिलं नावाबद्दल सांगतो. फ्रेंचमध्ये या पाखराला 'वाझो आ ल्युनेत' म्हणतात. ल्युनेत म्हणजे चष्मा. क्रिओलमध्ये झोझो म्हणजे पाखरू. पुण्याला आलो होतो तेव्हा एका मित्राने झाडावर बोट दाखवून सांगितलं, 'हा चष्मेवाला.' मी तिथेच थांबलो. तीन हजार मैलांच्या दोन टोकांना लोकांनी डोळ्याभोवतीचं कडं पाहून एकच नाव ठेवलं.

आता त्याचा घात कुणी केला ते. एकट्या माणसाचं किंवा एकट्या जनावराचं नाव घेता येत नाही. डच आले आणि आबनूसाची झाडं तोडायला लागले. जहाजांतून उंदीर उतरले, माकडं आली (लांब शेपटीची, जावाकडची असावीत), १६३९ मध्ये सांबराच्या जातीचं हरीण आलं. मग फ्रेंच आले, मग १८१० मध्ये इंग्रज, आणि ऊस वाढत वाढत डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेला. ज्या रानाच्या जागी ऊस उभा राहिला त्या उसावर आमच्या चार पिढ्या जगल्या. माझ्या आजाने कोयता चालवला म्हणून मी शिकलो. हे मी आजाला दोष द्यायला लिहीत नाही, त्याला कुणी विचारून आणलं नव्हतं. पण हिशोब मांडायचा तर पुरा मांडावा.

डोंगरमाथ्यावरचं रान मात्र आमच्या बापाच्या काळापर्यंत टिकून होतं. १९७०च्या दशकात ले मार नावाच्या पठारावरचं ठेंगणं, पावसाने भिजलेलं मूळ रान काढून तिथे पाइनची लागवड केली. हिरवा चष्मेवाला आणि मॉरिशसचा लाल फोडी (सुगरणीच्या नात्यातलं पाखरू), दोघांचंही ते हक्काचं घर होतं. पिंगळासरांनी दिलेले १९७५ आणि २००१चे आकडे वाचताना मला ते पठार दिसतं.

आणि उरलेल्या रानातही मूळ झाडांना श्वास घेता येत नाही. 'गोयाव दे शिन', म्हणजे लहान लाल पेरू, याने खालचा थर इतका दाट भरलाय की आबनूसाचं रोप उगवायला जागा नाही. गंमत अशी की तो पेरू आम्हां सगळ्यांचा लाडका. हंगामात सगळं कुटुंब पिशव्या घेऊन प्लेन शांपान्यला जातं, मीठ-मिरची लावून खातं. मीही लहानपणी तेच केलं. माझ्या मुलीला मात्र मी पेरू तोडताना सांगतो की हे झाड इथलं नाही, याने कुणाची जागा घेतलीय. तिला दोन्ही कळावं, चव आणि किंमत.

केतकी (बुधवार, सकाळी ९.१०)

वाक्वाकरदादा, तुमचं मराठी वाचून डोळे भरून आले. गणपतीला तिथे सुट्टी असते आणि जाखडी नाचतात हे ऐकून होते, पण 'हिशोब मांडायचा तर पुरा मांडावा' असं लिहिणारं कुणी तिकडून भेटेल असं वाटलं नव्हतं.

एक विचारायचं होतं. आम्ही गंगा तलावावर गेलो होतो. देवदर्शन झाल्यावर लोक माकडांना केळी देत होते, आम्हीही दिली. तिथून राष्ट्रीय उद्यान जवळच ना? तीच माकडं रानात जाऊन घरटी लुटतात का?

वाक्वाकर (बुधवार, सकाळी ११.२५)

केतकीताई, हो. ती माकडं तलावापुरती राहत नाहीत. रानात फळ तोडतात, पिकण्याआधीच टाकून देतात, फांद्यांवरून घरटी शोधतात. अंडं सापडलं तर अंडं, पिल्लू सापडलं तर पिल्लू. हिरव्या चष्मेवाल्याचं घरटं वाटीएवढं, झाडाच्या टोकाकडे असतं. पण माकडाला आणि काळ्या उंदराला ते टोक काही लांब नाही.

लोकांना माकडात मारुती दिसतो, त्यांच्या श्रद्धेला धक्का लावायचा माझा हेतू नाही. मी स्वतः महाशिवरात्रीला पायी कावड घेऊन गेलोय. माझी आई मात्र म्हणायची की देवाच्या दारात जे वाटायचं ते माणसाला वाटावं. केळी बरोबर असतील तर रस्त्यात चालून थकलेल्या यात्रेकरूला द्या. माकड उपाशी नाही.

पिंगळा (बुधवार, दुपारी ३.४०)

एक गोष्ट मला इथे सांगावीच लागेल, आणि ती सांगताना मन जड होतं. घरटी लुटणाऱ्यांत आपला शिपाई बुलबुलही आहे. तोच लाल गालाचा, शेंडीवाला, आपल्या पहाटेच्या आवाजातला. १८९२ मध्ये त्याला मॉरिशसला नेलं आणि तो सगळ्या बेटावर पसरला. शिवाय हा बुलबुल परक्या झुडपांची फळं खाऊन बिया रानभर टाकत जातो. म्हणजे एकीकडे पिल्लं खातो, दुसरीकडे तणाचं पेरणीयंत्र होतो. साळुंकीला त्याही आधी नेलं होतं, १७६२ मध्ये, टोळांचा बंदोबस्त करायला. टोळांच्या बाबतीत तो उपाय चालला, आणि साळुंकी तिथेच राहिली. मुंगूस १९०० मध्ये गेलं. आपली पोपटाची कंठवाली जातही तिथे आहे आणि मॉरिशसच्या मूळ पोपटाच्या ढोलींवर हक्क सांगते.

माझ्या खिडकीत रोज शिपाई बुलबुल येतो. त्याला पाहिलं की हल्ली हे आठवतं.

टिटवी (बुधवार, दुपारी ४.०२)

बुलबुलाला लुटारू म्हणणं मला रुचत नाही सर. त्याला पिंजऱ्यात घालून समुद्र ओलांडायला लावलं ते माणसाने. तो जिथे पोचला तिथे जगला, एवढंच.

पिंगळा (बुधवार, दुपारी ४.३०)

मान्य. शब्द मागे घेतो.

वाक्वाकर (बुधवार, संध्याकाळी ५.१५)

त्याला इथे 'कोंदे' म्हणतात आणि लोकांना तो आवडतो. साळुंकी म्हणजे 'मार्तें'. मला वाटतं, आमच्यासारखीच तीही आणलेली माणसं आहेत. पण आम्हांला बोलता येतं आणि ठरवता येतं, त्यांना येत नाही. म्हणून जबाबदारी आमच्यावर.

मुकादम (बुधवार, रात्री १०.५०)

मी पक्षीप्रेमी नाही, पण धागा पहिल्यापासून वाचला. मनापासून एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. माझं गाव माणदेशात. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा घागरींची रांग लागते. शंभर-दोनशे पाखरांसाठी माणसं पगार देऊन रानात ठेवायची, उंदीर पकडायचे, तण उपटायचं, याला किती पैसा आणि किती वर्षं लागणार? तेवढ्यात माणसांचं काही होणार नाही का? आणि एवढं करून ते पाखरू वाचेल याची खात्री काय?

वाक्वाकर (गुरुवार, पहाटे ५.०५)

मुकादमभाऊ, राग कसला. असाच प्रश्न माझ्या सख्ख्या काकांनी विचारला होता.

पाण्याचं उत्तर आधी देतो, कारण तुम्ही पाण्यातून विचारलंत. आमच्या वाक्व्याजवळच देशातला सगळ्यात मोठा जलाशय आहे, मार-ओ-वाक्वा. तो भरतो त्याच डोंगरमाथ्यावरच्या पावसाने, जिथे हे पाखरू राहतं. मूळ रानाची झाडं ठेंगणी असतात, अंगावर शेवाळ, आणि पालापाचोळ्याचा थर स्पंजासारखा. वादळातही ती सहसा मुळासकट उखडत नाहीत. आजी सांगायची, १९६०च्या कॅरोल वादळात गावातली परकी झाडं आडवी झाली, घरांचे पत्रे गेले, डोंगरावरचं जुनं रान मात्र पानं झडून उभं राहिलं. ते रान नीट राहणं आमच्याही घागरीसाठी लागतं.

पण मी हे उत्तर देऊन थांबलो तर खोटं बोलल्यासारखं होईल. समजा पाण्याचा काही संबंध नसता, तरी मला ते पाखरू हवं असतं. डोडो याच बेटावर होता. सगळ्या जगाला आमच्या देशाचं तेवढंच माहीत, की इथे एक पक्षी होता आणि माणसांनी तो संपवला. शाळेत असताना पाहुण्यांनी 'कुठून आलास' विचारलं आणि मी मॉरिशस म्हटलं की ते लगेच 'डोडो' म्हणायचे. मला माझ्या मुलीसाठी दुसरं उत्तर हवंय.

पिंगळा (गुरुवार, सकाळी ७.३०)

खात्रीबद्दल मी लिहितो.

मॉरिशसचा खरुची, म्हणजे तिथला छोटा ससाणा, १९७४ मध्ये रानात फक्त ४ उरल्याची नोंद आहे. कार्ल जोन्स नावाचा वेल्श तरुण १९७९ मध्ये तिथे गेला आणि पुढची चाळीसहून जास्त वर्षं त्या बेटाला चिकटून राहिला. अंडी काढून उबवली, पिल्लं हाताने वाढवली, पेट्या टांगल्या, आणि ससाण्यांची संख्या काही शेकड्यांवर गेली. गुलाबी कबूतर १९९०च्या सुमारास रानात दहाच्या आसपास होतं, तेही आता शेकड्यांत आहे. मॉरिशसचा पोपटही तसाच परतला. २०१६ मध्ये जोन्स यांना या कामासाठी इंडियानापोलिस पुरस्कार मिळाला.

आणि मॉरिशसच्याच ताब्यातल्या रॉड्रिग्ज बेटावर जे झालं ते तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तिथला पिवळा फोडी १९६८च्या वादळानंतर ५-६ जोड्यांवर आला होता. तिथला वटवट्याही बोटांवर मोजण्याइतका. लोकांनी झाडं लावली, पाणलोट सांभाळले, आणि आज दोन्ही पाखरं हजारांत आहेत. तिथे माकड नाही, मुंगूस नाही. म्हणजे मुकादम, शत्रू कमी आणि झाडं जास्त असली की पाखरू स्वतःच बाकीचं काम करतं.

हिरवा चष्मेवाला ससाण्यापेक्षा अवघड आहे, हे मात्र कबूल केलं पाहिजे. ससाणा पेटीत घरटं करतो, चष्मेवाला उघड्या फांदीवर. त्याचं पिल्लू नखाएवढं, त्याला दिवसभर थोड्या थोड्या वेळाने भरवावं लागतं. मोठ्या पक्ष्यांत चुकलेलं दुसऱ्या दिवशी सुधारता येतं, या पिल्लात तासाभरात जीव जातो. अभ्यासातून एक गोष्ट पक्की झालीय की घरट्यांभोवतीचे उंदीर सतत आवरले तर जास्त पिल्लं उडतात, आणि हात आखडता घेतला की संख्या पुन्हा ढासळते. रोजचं काम आहे, एकदा करून संपणारं नाही.

शेजारच्या रियुनियन बेटावर याचा सख्खा भाऊ आहे, रियुनियनचा हिरवा चष्मेवाला. तो धोक्यात नाही. त्या बेटाचा डोंगर तीन हजार मीटरच्या वर जातो, ऊस तिथवर चढू शकला नाही, म्हणून वरचं रान वाचलं. मॉरिशसचा सर्वांत उंच डोंगर ८२८ मीटर. नशिबात एवढाच फरक.

मुकादम (गुरुवार, सकाळी ९.४५)

रॉड्रिग्जचं माहीत नव्हतं. आमच्याकडे पाणलोटाची कामं झाली त्या शिवारात पाखरं वाढलेली मी पाहिलीत, पण त्याच्याशी जोडून कधी विचार केला नव्हता. उत्तर पटलं. आता सगळं वाचतोय.

आंबोलीचा_पाऊस (गुरुवार, दुपारी १२.१०)

वाक्वाकरदादा, रानाच्या तुकड्यांना कुंपण घालून तण काढतात असं वाचलं होतं. ते प्रत्यक्ष कसं दिसतं? आमच्याकडे रानमोडी आणि घाणेरी काढायचे प्रयत्न होतात. दोन पावसाळे गेले की पुन्हा जैसे थे.

वाक्वाकर (गुरुवार, संध्याकाळी ६.४०)

ताई, इथेही तसंच आहे, म्हणूनच ते सोडून चालत नाही. उद्यान १९९४ मध्ये झालं, सुमारे ६७ चौरस किलोमीटरचं. त्यात काही तुकडे निवडून भोवती हरीण-डुकरांना अडवणारं कुंपण घातलंय. माणसं ओळीने चालत पेरूची आणि प्रिव्हेट नावाच्या परक्या झुडपाची रोपं मुळासकट उपटतात. पहिल्या वेळी दृश्य भयाण असतं, नुसती उघडी माती आणि मधूनमधून उभी म्हातारी झाडं. चार वर्षांनी त्याच म्हाताऱ्यांच्या पायाशी त्यांची पोरं उगवलेली दिसतात. मी ब्रीझ फेरला असं पाहिलंय. एका बाजूला कुंपणाबाहेरची पेरूची भिंत, दुसऱ्या बाजूला कमरेएवढी मूळ रोपं. मध्ये फक्त जाळी.

आणि एक बेट आहे, माएबूरजवळ, इल-ओ-झेग्रेत. फक्त २६ हेक्टरचं, प्रवाळाच्या दगडाचं. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने १९८०च्या दशकापासून ते सांभाळलंय. उंदीर १९९१ मध्ये पूर्ण काढले, मांजर नाही, माकड नाही. हाताने तण काढून किनारी आबनूसाचं रान परत उभं केलं. २००६ पासून तिथे हिरवे चष्मेवाले सोडायला लागले. मुख्य बेटावरच्या घरट्यांतली अंडी-पिल्लं, जी बहुतेक उंदराच्या तोंडी गेली असती, ती आणून हाताने वाढवली आणि या छोट्या बेटावर सोडली. तिथे त्यांना मधासारखं गोड खाद्य ठेवतात. पायांत रंगीत कडी असतात, त्यावरून कोण कोण आहे ते कळतं.

२०२० मध्ये मात्र काळजाचा ठोका चुकला होता. २५ जुलैला वाकाशिओ नावाचं मोठं मालवाहू जहाज तिथेच प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टच्या सहा तारखेपासून तेल गळायला लागलं. इल-ओ-झेग्रेत त्या तेलाच्या वाटेतच. साऱ्या देशाने उसाची पाचट कापडी पोत्यांत भरून तरंगते बांध शिवले. आम्ही घरच्यांनीही एक रात्र बसून शिवले. बायकांनी केस कापून दिले, तेल धरून ठेवायला. त्याच दिवसांत तिथून काही चष्मेवाले आणि फोडी पकडून मुख्य बेटावर सुरक्षित जागी नेले, कारण तिथे काही बरंवाईट झालं असतं तर पुन्हा सुरुवात कशाने करणार? हाताला तेलाचा वास आठवडाभर होता.

ज्या उसाने रान खाल्लं त्याच उसाची पाचट त्या दिवशी बांधाला लागली. मी पोतं शिवताना हाच विचार करत होतो.

केतकी (गुरुवार, रात्री ९.००)

शेवटची दोन वाक्यं परत परत वाचली.

पुढच्या वेळी गंगा तलावावर जाऊ तेव्हा केळी घरीच ठेवू. बरोबर सासूबाई असतील, त्यांना आधीच तुमच्या आईचं वाक्य सांगून ठेवते. त्यांना ते पटेल.

रानजाई (शुक्रवार, सकाळी ८.२०)

एवढ्या छोट्या प्रश्नावर एवढं मिळालं. नणंदेला धागा पाठवला. ती दोन वर्षं तिथे राहतेय, रोज पिक-पिक पाहते, आणि तिला हिरव्याचं काहीच माहीत नव्हतं. ती आता मुलांना घेऊन इल-ओ-झेग्रेतला जाणार म्हणतेय. वाक्वाकरदादा, तिथे सामान्य माणसाला जाता येतं का? आणि ते पाखरू दिसण्याची आशा ठेवावी का?

वाक्वाकर (शुक्रवार, दुपारी १.५०)

जाता येतं, रानजाईताई. पॉइंट जेरोमहून होडी जाते, थोड्याच वेळात बेटावर. बरोबर वाटाड्या असतो, पायवाट सोडायची नाही. मोठी कासवं नक्की दिसतात, ती आल्डाब्राची, इथली मूळ कासवं संपली म्हणून त्यांच्या जागी आणलेली, कारण बिया पसरवायला आणि गवत चरायला कुणीतरी हवं होतं. गुलाबी कबूतरही बहुधा दिसतं. चष्मेवाल्याची खात्री नाही. तो अंगावर येणारं पाखरू नाही, पानांच्या आड राहतो. सप्टेंबरनंतर विणीचा काळ असतो, तेव्हा जोडीची हालचाल जास्त. शांत उभं राहायचं आणि वर पाहायचं.

पुढच्या महिन्यात शाळेच्या मुलांना घेऊन मी जाणार आहे. परत आलो की इथे लिहीन.

वाक्वाकर (पाच आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ७.१०)

धागा वर काढतो. काल गेलो होतो. बावीस मुलं, दोन शिक्षिका आणि मी. मुलं कासवांपाशीच रमली, एकीने कासवाच्या पाठीवरचे कंगोरे मोजले. पायवाटेच्या शेवटी, आबनूसाच्या झाडाखाली वाटाड्याने बोट ओठांवर ठेवलं. बावीस मुलं गप्प झाली, हेच मला अजून खरं वाटत नाही.

वर फांदीच्या टोकाला ते होतं. हिरवं, अंगठ्याएवढं. आधी पाठमोरं. मग वळलं, आणि डोळ्याभोवतीचं कडं स्पष्ट दिसलं, खडूने काढल्यासारखं. चोच पाकळ्यांत घालून दोन वेळा प्यायलं आणि पलीकडच्या झाडात गेलं. जेमतेम दहा सेकंद. माझी मुलगी माझ्या शेजारी होती. तिने हळूच मराठीत म्हटलं, 'बाबा, चष्मेवाला.'

वाटाड्याने खिशातली वही काढून कड्यांचे रंग टिपले.

रानजाई (रविवार, रात्री ८.०३)

दादा, रंग कोणते होते?

वाक्वाकर (रविवार, रात्री ८.१५)

डाव्या पायात निळं. उजव्या पायात पांढरं आणि पिवळं.